आजी स्वतः उठतात का?

तिचं खरं नाव आठवायला तिच्या नवऱ्यालासुद्धा क्षणभर थांबावं लागायचं. सगळे तिला लगबग म्हणायचे. हे नाव नवऱ्यानेच ठेवलेलं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, आणि त्याचं केस कापायचं दुकान असल्यामुळे ते गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. गिऱ्हाईक मान खाली घालून बसलेलं आणि ह्याचं तोंड चालू, मग बातमीला आणखी काय हवं. पण नाव खोटं नव्हतं हो. बाईच्या पायाला भिंगरीच होती. कुणाचं पोर तापलं, निघाली लगबग. कुणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचंय, लगबग जिन्यात चप्पल घालून तयार. वरच्या मजल्यावर कुणी नुसतं शिंकलं तरी ही खालून विचारायची, काही लागतंय का म्हणून.

समाजकल्याण म्हणजे काय, असं तेव्हा तिला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात काय शिकायचंय? समोरच्याला अडलंय ना, मग उचल त्याची पिशवी आणि चल. आणि ज्या कचेरीच्या दारावर समाजकल्याण असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, तिथली माणसं तिच्या मते दगड होती. तळमजल्यावरच्या बहिऱ्या सुताराचं काम घेऊन ती एकदा तिथे भांडायला गेली होती. या खिडकीतून त्या खिडकीत फिरली, घसा बसेपर्यंत बोलली आणि हात हलवत परत आली. दुकानात येऊन नवऱ्याला म्हणाली, आत काळीज असलेलं एक माणूस असतं तरी पुरलं असतं. तो म्हणाला, मग तूच जा की आत. तो आपला थट्टेने म्हणाला. हिने मनावर घेतलं.

मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, आणि ज्या वयात बायका गुडघ्यांची तक्रार सुरू करतात त्या वयात लगबग पाठीला पिशवी लावून कॉलेजात जायला लागली. विषय समाजकल्याण. वर्गातली मुलं तिला काकू म्हणायची आणि तिच्याकडून पेनं उसनी घ्यायची. पहिल्या सहा महिन्यांत तिने घरात सगळ्यांना जीव नकोसा केला. का, तर तिला दया आणि हक्क यांतला फरक कळला होता. नवरा म्हाताऱ्या हमालाची दाढी फुकट करायचा, कित्येक वर्षांची सवय होती ती. हिने जेवताना त्याला समजावलं, की ही दया झाली, हिच्यात देणारा वर आणि घेणारा खाली असतो, माणसाला जे मिळायचं ते हक्क म्हणून मिळायला हवं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बरं बाई, उद्यापासून हक्काने करतो. दाढी तीच राहिली आणि साबणही तोच.

पण दुसऱ्या वर्षी तिला जे शिकवलं ते मात्र तिला आतून हलवून गेलं. शिकवणाऱ्या मॅडम बारीक अंगाच्या, आवाज हळू, पण बोलायला लागल्या की वर्गात पान हललेलं ऐकू यावं. त्या म्हणायच्या, तुम्ही माणसाकडे गेलात की आधी काय बघता? त्याला काय जमत नाही ते. ते कुणालाही दिसतं. त्याला काय जमतं ते बघा, आणि त्याच्याबद्दल बोलताना ते आधी सांगा. लगबगला एकदम तो बहिरा सुतार आठवला. वाण्याकडे त्याच्या वतीने ती बोलायची, बँकेत ती बोलायची, डॉक्टरकडेही तीच. एके दिवशी मुद्दाम लांब उभी राहून तिने पाहिलं, तर गड्याने बोटांनी खुणा करून, भुवया उडवून, वाण्याला हसवत सगळं सामान घेतलं आणि वर थोडी सूटही मिळवली. इतकी वर्षं आपण ह्या माणसाच्या तोंडावर हात ठेवून उभ्या होतो, असं तिला वाटलं आणि लाज वाटली. तेव्हापासून तिने उचलाउचल कमी केली. कुणाची पिशवी दिसली की हात शिवशिवायचे, पण ती आवरायची आणि आधी विचारायची. चांगलाच बदल होता तो, त्याला नावं ठेवायची नाहीत मला.

त्याच वर्षी शिकाऊ म्हणून तिला त्याच कचेरीत पाठवलं, आणि तिच्या वाट्याला तिकीटआजी आल्या.

आजींनी उभं आयुष्य एका सिनेमाघराच्या तिकीटखिडकीत काढलं होतं. खिडकी बुटकी, त्यामुळे समोरच्याचं तोंड दिसायचं नाही, दिसायचे ते हात. लगबग पहिल्यांदा गेली तेव्हा आजींनी तिला बसा म्हणायच्या आधी हात दाखव म्हटलं. हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, धुणं फार करतेस, आणि सगळं घाईत करतेस, दारात बोटं चेपून घेतेस. लगबग जी हसली ती हसतच बसली. जोडी जमली.

खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. एक पलंग, पलंगाच्या कडेला भिंतीत ठोकलेला लोखंडी दांडा, हातांची एक खुर्ची, कोपऱ्यात ओटा, आणि दारासमोर लावलेला आरसा, म्हणजे पाठ दाराकडे असली तरी कोण आलं ते कळावं. आजींचे गुडघे गेलेले होते आणि कंबरेत दोष होता. रोज सकाळी कचेरीतून एक मदतनीस यायची. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. ती आजींना उठवायची, अंघोळ घालायची, केस विंचरायची, दोन वेळचं करून ठेवायची, आणि हे सगळं करताना दोघी रेडिओच्या आवाजावरून कचाकचा भांडायच्या. त्या भांडणावर आजींचा दिवस निघायचा. ती मदत होती म्हणून आजी त्या खोलीत होत्या, आणि ती खोली सोडायची नाही एवढी एकच गोष्ट त्यांना ह्या जगात हवी होती. तसं त्या पहिल्याच भेटीत बोलल्या. 'मला आश्रमात नका टाकू हं कुणी,' त्या म्हणाल्या. 'इथून मला पायरीवरचा आवाज ओळखू येतो.'

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण सगळी गफलत इथेच झाली. लगबग ज्या दिवशी यायची त्या दिवशी आजी नटायच्या. कचेरीतलं माणूस येणार, म्हणजे पाहुणाच की. मदतनिसीकडून घट्ट अंबाडा घालून घ्यायच्या, पावडर लावायच्या, आणि लगबग आली की दांड्याला धरून, दात खाऊन, एका झटक्यात उभ्या राहायच्या. मग ओट्याला टेकत टेकत स्वतः चहा करायच्या. कप हातात देईपर्यंत चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायच्या नाहीत. मदतनीस बाजूला उभी राहून कौतुकाने म्हणायची, बघा आमच्या आजी, आहेत का कुणाच्या अशा? आणि लगबग गेल्यावर तीच आजींचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची, कारण ते सुजून भोपळ्यासारखे व्हायचे, आणि दुसरा सगळा दिवस आजी पलंगावरून हलू शकायच्या नाहीत. हे लगबगला कुणी सांगितलं नाही. फसवायचं म्हणून नव्हे. चार माणसांत आपल्या माणसाची बाजू राखतात तशी त्या दोघींनी राखली. आणि लगबग तर उणीव न बघायला शिकूनच आली होती. तिने जे पाहिलं त्यावर ती भाळली.

कचेरीत दर आठवड्याला बैठक व्हायची. कुणाकडे मदतनीस पाठवायची, कुणाची थांबवायची, हे तिथे ठरायचं. बैठक घेणाऱ्या अधिकारी म्हणजे मोठ्या बाई. चष्मा दोरीने गळ्यात, डोळ्यांखाली काळं, सतत कुणाचा तरी फोन. त्या दिवशी कॉलेजातून मॅडमही आल्या होत्या, लगबगचं बोलणं ऐकायला. लगबग आजींबद्दल बोलली, आणि काय बोलली. त्यांचा विनोद सांगितला, हात ओळखण्याची गंमत सांगितली, खोली कशी लख्ख असते, केस कसे नीट असतात, आलेल्याला स्वतः चहा कसा करून देतात. दयेचा एक शब्द नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर अभिमान दिसत होता.

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. 'आजी स्वतः उठतात का?'

'हो,' लगबग म्हणाली. 'स्वतः.'

'आणि गॅसपाशी उभ्या राहतात?'

'राहतात ना. मी प्रत्येक वेळी पाहिलंय.'

मोठ्या बाईंनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. बाहेर आल्यावर मॅडमनी लगबगचा खांदा दाबला आणि म्हणाल्या, आज तुम्ही एका माणसाला माणूस म्हणून उभं केलंत. ती त्या आनंदात घरी चालत गेली. वाटेत दुकानात शिरून नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि तो ऐकता ऐकता गिऱ्हाइकाचा कल्ला जरा वर घेऊन बसला.

पुढच्या भेटीला ती गेली तर दार नुसतं लोटलेलं. आजी पलंगाच्या काठावर बसलेल्या, केस सुटलेले, कालचाच गाऊन. ओट्यावर भांडी तशीच. आरशात लगबग दिसली तशा त्या दांड्याकडे हात न्यायला लागल्या आणि हात वाटेतच राहिला. मदतनीस आता रोज येत नाही म्हणाल्या. आठवड्यातून एकदा येते, अंघोळ घालते आणि पळते. काहीतरी घोटाळा झालाय कचेरीत. 'तू आतली आहेस ना,' आजी म्हणाल्या. 'तू सांग त्यांना.'

क्षणात सगळं लगबगच्या लक्षात आलं. ती खाली जमिनीवर बसली आणि बैठकीत काय झालं ते तिने सांगून टाकलं, आपण काय बोललो तेही. आजी ऐकत राहिल्या. मग त्यांना हसू आलं. खरंखुरं, पोट धरून हसू आलं. 'म्हणजे मी पास झाले की गं,' त्या म्हणाल्या. मग हसणं थांबलं आणि त्यांनी पाय वर घ्यायला मदत कर म्हणून सांगितलं. पायांची ती सूज लगबगने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

ती तशीच उठून मोठ्या बाईंकडे गेली. भांडायच्या तयारीनेच गेली. पण मोठ्या बाई भांडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि सांगितलं, की तुमच्या आजींची मदतनीस आम्ही एका माणसाकडे पाठवली आहे. अर्धं अंग लुळं, बोलता येत नाही, मुलगी कामावर गेली की दिवसभर ओल्यात पडून असायचा. माझ्याकडे माणसं तेवढीच आहेत. 'त्याच्याकडून काढून परत आजींना देऊ?' त्यांनी विचारलं. 'तुम्ही म्हणाल तसं करते. सांगा.'

ह्याला काय उत्तर द्यायचं? लगबग आयुष्यभर समजत आली होती, की ह्या खिडक्यांच्या मागे दगड बसलेत. समोर बसलेल्या बाईचा ब्लाउज घामाने भिजला होता आणि टेबलावरचा डबा दुपार टळली तरी उघडलेला नव्हता. दगड असता तर बरं झालं असतं, निदान डोकं तरी आपटता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने तेच केलं जे ती आयुष्यभर करत आली होती. सकाळी आपणच आजींकडे जायला लागली. उठव, अंघोळ घाल, केस विंचर, रेडिओवरून भांडायचाही प्रयत्न करून पाहिला, पण आजी म्हणाल्या, तुला भांडता येत नाही. हे मॅडमच्या कानावर गेलं. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की तुम्ही जोवर जाताय तोवर कचेरी म्हणणार, यांचं भागतंय. शिकायला आलेल्या माणसाने हे करायचं नसतं, पण ते सोडा, तुमच्या जाण्याने त्यांचंच नुकसान आहे. लगबगला हे पटलं, आणि पटलं ह्याचाच तिला राग आला. पाण्याचा तांब्या उचलून दिला तरी तो त्या म्हातारीच्या विरुद्ध जाणार होता. तिने जाणं बंद केलं. सकाळच्या त्या वेळी ती घरात नुसती ह्या खोलीतून त्या खोलीत फिरायची. नवऱ्याने थट्टा करायची सोडून दिली होती.

एक वाट होती. वरच्या कचेरीतून तपासायला माणूस मागवता येत होता. तो नव्याने बघणार, आणि आजींसाठी वेगळी मदतनीस वरून मंजूर होऊ शकत होती. मोठ्या बाईंनीच ही वाट सांगितली आणि एक गोष्ट बजावली, की तो एकदाच येतो आणि जे डोळ्यांना दिसतं तेच धरतो.

म्हणून लगबग आजींना शिकवायला बसली. काय शिकवलं तिने! तो आला की उठायचं नाही. दांड्याला हातसुद्धा लावायचा नाही. केस विंचरायचे नाहीत, पावडर नाही, भांडी पडू द्यायची. काय काय करता येतं विचारलं की काहीच करता येत नाही म्हणायचं. आजी भडकल्या. इतकी वर्षं खिडकीत बसले, म्हणाल्या, गर्दीत लोक काचा फोडायला उठले तरी माझी एक बट कधी हलली नाही, आणि आता परक्या पुरुषासमोर अशी बसू? लगबगने समजावलं, हात जोडले, शेवटी रडायला लागली. जमतं ते आधी सांगा म्हणून वर्गात हात वर करणारी हीच बाई, आता एका म्हातारीला न जमणं शिकवत होती, आणि तिला ते स्वतःला दिसतही होतं. आजींना तिचं रडणं बघवेना. 'बरं, गप,' त्या म्हणाल्या. 'तुझ्यासाठी करते. बघच कसं करते ते.'

तपासनीस आला तो भला माणूस निघाला. तरुण, हळू बोलणारा, जिना चढून धाप लागलेला. लगबग कोपऱ्यात उभी राहिली. आजी पलंगावर कलून पडल्या होत्या, केस तोंडावर, गाऊनवर चहाचा डाग. पायांबद्दल विचारलं, आजींनी मान हलवली. उठता येतं का? नाही. इथवर शिकवल्याप्रमाणे झालं. पण आजींनी उभं आयुष्य सिनेमाच्या दारात काढलेलं. खिडकी बंद झाली की रोज शेवटचा अर्धा तास त्या मागे उभ्या राहून बघायच्या, आणि शेवटच्या अर्ध्या तासात पडद्यावर लोक कसे मरतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना वाटलं, नुसत्या पायांवर काय होणार, ह्या पोरीचं काम पक्कं करून टाकू. त्याने विचारलं, गॅस बंद करायचं लक्षात राहतं का? आजी म्हणाल्या, कुठला गॅस? त्याने विचारलं, आज वार कोणता? आजींनी खूप विचार केल्यासारखं केलं आणि भलताच वार सांगितला. लगबग एक पाऊल पुढे आली. त्याने तिच्याकडे बोट करून हळूच विचारलं, ह्या कोण?

आजींनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. 'माझी आई आली का?' त्या म्हणाल्या.

त्या तरुणाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याने आजींच्या पायांवरची चादर नीट केली आणि म्हणाला, काळजी करू नका, आम्ही आहोत. तो जिना उतरेपर्यंत आजी तशाच पडून होत्या. पायऱ्यांवरचा आवाज बंद झाला तशा उठून बसल्या, बट मागे सारली आणि डोळे मिचकावले. पसंत पडलं का, असं विचारलं.

निर्णय आला तो आजींच्या बाजूनेच आला, असंच सगळे म्हणाले. एकटं राहू देणं धोक्याचं. रोजची मदत पुरेशी नाही. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ताबडतोब जागा, खर्च सगळा कचेरीचा. ती जागा मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात, मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच आनंद झाला होता.

लगबगने सगळं ओकून टाकलं. मी शिकवलं त्यांना, म्हणाली, त्यांना सगळं आठवतं, ते नाटक होतं, शिक्षा करायची तर मला करा. तो तरुण तपासनीसही तिथे होता. त्याने तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं, आणि मग ज्या आवाजात मॅडम बोलायच्या त्याच आवाजात तो बोलला. शिकणाऱ्या माणसाचा जीव गुंततो, म्हणाला. आपल्या माणसाची स्मृती चाललीय हे मान्य करणं अवघड जातं. हे आपल्या अभ्यासातच आहे, तुम्हालाही शिकवलं असेल. शिकवलं होतं, नाही कशाला म्हणू. त्या धड्याच्या परीक्षेत तिला चांगले गुण पडले होते. ती मॅडमकडे गेली. मॅडमनी विश्वास ठेवला, तिच्याबरोबर कचेरीत आल्या, बोलल्या, आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं. आजींना विचारा ना, लगबग म्हणाली. विचारलं. आजी तडकल्या, मी नाटक केलं होतं, म्हणाल्या, मला कुठेही जायचं नाही. बोलता बोलता आवाज चढला, हातातला कप फेकला गेला. आणि चिडचिड वाढलीय, स्वतःच्या अवस्थेची जाणीव उरलेली नाही, असाच त्याचा अर्थ लावला गेला. एकदा तुमची आठवण गेली असं ठरलं, की तुमच्या तोंडचा शब्द तुमचा राहत नाही. हे मात्र कुठल्या धड्यात नव्हतं.

न्यायला गाडी आली त्या दिवशी मदतनीसही आली होती, तिकडचं काम टाकून. तिने आजींचा अंबाडा घालून दिला आणि रेडिओ पिशवीत ठेवला. दोघींत त्या दिवशी भांडण झालं नाही. सायकलवाल्याने आणि ड्रायव्हरने मिळून आजींना खुर्चीसकट खाली उतरवलं. आजी पायऱ्यांकडे बघत होत्या, लगबगकडे नाही.

लगबग शेवटच्या परीक्षेत पहिली आली. आजींवर तिने जो प्रबंध लिहिला तो मॅडमनी पुढच्या वर्गाला वाचायला ठेवला आहे. त्यात तिने सगळं खरं लिहिलं, स्वतःला कुठेही वाचवलं नाही, आणि तो प्रामाणिकपणाच सगळ्यांना आवडला. मोठ्या बाईंनी तिला कचेरीतच नोकरी देऊ केली. तिने ती घेतली. नवरा म्हणाला, अगं, हेच तर हवं होतं ना तुला, आत एक माणूस. ती म्हणाली, आत सगळी माणसंच आहेत हो, तोच तर घोळ आहे. त्यानंतर ती कितीतरी वेळ तांदूळ निवडत बसली. आता तिला कुणी समाजकल्याण म्हणजे काय असं विचारलं तर ती विषय बदलते. घरोघर तपासायला जाते तेव्हा लोक तिच्यासाठी खुर्ची पुसतात, उठून उभे राहतात. उठू नका म्हणावं तरी चूक, उठा म्हणावं तरी चूक. ती नुसती दारात उभी राहते.

आजींना भेटायला ती जाते, सुट्टीच्या दिवशी. आश्रम वाईट नाही, हेही सांगायला हवं. फरशी स्वच्छ असते, खाणं गरम असतं, खिडकीला जाळी आहे. केस धुवायला सोपे म्हणून आजींचे आखूड कापलेत. पडतील म्हणून त्यांना एकटं उभं राहू देत नाहीत, उठायला लागल्या की कुणीतरी येऊन खांद्याला धरून परत बसवतं, आणि तेही मायेने. पाय आता बारीक झालेत. जुन्या खोलीत सायकलवाल्याने सुटे भाग भरून ठेवलेत, आरसा काढलाय. हे लगबगने आजींना सांगितलेलं नाही.

परवा ती बसली असताना सेविका आली आणि रोजच्यासारखं विचारलं, आजी, आज वार कोणता? आजींनी वार सांगितला, तारीख सांगितली, वर तिच्या बाहीची शिवण उसवलीय हेही सांगितलं. सेविकेला फार बरं वाटलं. लगबगकडे वळून ती हळूच म्हणाली, आज चांगला दिवस आहे हो यांचा, अधूनमधून अगदी लख्ख आठवतं.

ती गेल्यावर आजी पुढे वाकल्या.

'पोरी, तू शिकलीस ना हे सगळं? मग मला सांग. काय करून दाखवू म्हणजे घरी सोडतील? उठून दाखवू, की नको?'

लगबगने उत्तर शोधलं. खरंच शोधलं. जे जे शिकली होती ते सगळं मनात उलटंपालटं करून पाहिलं. आजी तिच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

'मला माहीत नाही, आजी,' ती म्हणाली.

आजींनी तिचा हात हातात घेतला, उलटा केला, बोटं पाहिली आणि परत तिच्या मांडीवर ठेवून दिला.

'बरं,' त्या म्हणाल्या. 'कुणाला तरी विचारून ठेव.'